न झिजणारा मध्यस्थ : डॉ. गणपती यादव यांचे उत्प्रेरण-संशोधन

मराठी वाचकापुढे शास्त्रज्ञ म्हटले की सहसा दोन चित्रे उभी राहतात : एक दुर्बिणीतून आकाश न्याहाळणारा खगोलशास्त्रज्ञ आणि दुसरा अणूच्या गाभ्यात शिरू पाहणारा भौतिकशास्त्रज्ञ. रसायनशास्त्रज्ञ या चित्रांत क्वचितच सापडतो. त्याच्या कामाला देखावा नाही. बंद भांड्यात काही तरी ढवळले जाते, तापते, गाळले जाते आणि शेवटी पांढरी भुकटी हाती येते. ती भुकटी पुढे गोळी होते, रंग होते, अत्तर होते आणि आपल्या घरात येते. भांड्यात काय घडले, हे आपण विचारत नाही.

मी राहतो त्या सावंगी (मेघे) या गावाला मोठ्या रुग्णालयामुळे दूरदूरची माणसे येतात आणि औषधांच्या दुकानांपुढे सकाळपासून गर्दी असते. तिथून घरी जाणाऱ्या प्रत्येक पाकिटामागे एक प्रश्न दडलेला असतो : हे एक किलो औषध तयार करताना किती किलो कचरा निर्माण झाला? डच विद्यापीठात काम केलेले रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांनी १९९२ साली या प्रश्नाला आकड्यांचे उत्तर दिले. एक किलो मालामागे किती किलो टाकाऊ पदार्थ निघतो, त्या संख्येला त्यांनी 'ई-घटक' म्हटले. पेट्रोलियम शुद्धीकरणात हा घटक एका दशांशाच्या आसपास असतो. ठोक रसायनांत तो एक ते पाच, सूक्ष्म रसायनांत पाच ते पन्नास आणि औषधनिर्मितीत पंचवीस ते शंभर, कधी त्याहूनही अधिक भरतो. म्हणजे जो उद्योग सर्वांत धुरकट दिसतो तो या हिशेबात सर्वांत काटकसरी आणि जो सर्वांत स्वच्छ वाटतो तो सर्वांत उधळा!

या उधळेपणावर ज्या मराठी संशोधकाने आयुष्यभर काम केले, त्या डॉ. गणपती दादासाहेब यादव यांच्या कामाची ओळख मराठी वाचकाला करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

उत्प्रेरक म्हणजे काय?

'कॅटॅलिसिस' हा शब्द स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८३५ साली वापरात आणला. मराठीत आपण 'उत्प्रेरण' म्हणतो. जो पदार्थ रासायनिक अभिक्रियेचा वेग वाढवतो, पण शेवटी स्वतः जसाच्या तसा शिल्लक राहतो, तो उत्प्रेरक. समजावून सांगताना बहुतेक जण विरजणाचे उदाहरण देतात. ते सोयीचे असले तरी अपुरे आहे. विरजणातले जिवाणू दुधात वाढतात. उत्प्रेरक वाढत नाही. त्यापेक्षा सोयरीक जुळवणारा मध्यस्थ मला अधिक योग्य वाटतो. दोन घरे दोन गावांत असतात. मध्यस्थ दोन्हीकडे जातो, भेट घडवतो, अडचणी कमी करतो. लग्न लागले की तो त्या संसारात राहत नाही, पुढच्या गावाला निघतो.

या उपमेतून आणखी दोन गोष्टी कळतात. जी सोयरीक मुळातच जमण्यासारखी नाही ती मध्यस्थ जमवू शकत नाही. तसेच ऊर्जेच्या हिशेबाने जी अभिक्रिया होणारच नाही, ती कोणताही उत्प्रेरक घडवू शकत नाही. तो फक्त वाटेतला चढ कमी करतो. दुसरी गोष्ट, एका स्थळासाठी चार ठिकाणे शक्य असली तर हुशार मध्यस्थ नेमके एक पुढे नेतो. याला रसायनशास्त्रात निवडक्षमता म्हणतात. उद्योगाच्या दृष्टीने ती वेगाहून मोलाची असते, कारण नको असलेल्या तीन जोड्या म्हणजेच कचरा.

विदर्भाला या शास्त्राची ओळख एका वेगळ्या वाटेने झालेली आहे. सरकीसारख्या तेलातील रेणूंना हायड्रोजन जोडला की तेल घट्ट होते आणि वनस्पती तूप तयार होते. हे काम निकेलच्या बारीक भुकटीच्या पृष्ठभागावर होते आणि काम झाल्यावर निकेल गाळून वेगळे काढतात. हायड्रोजन जोडण्याच्या या पद्धतीबद्दल फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गांधीजींनी 'हरिजन'मधून ज्या वनस्पती तुपावर, विशेषतः खऱ्या तुपातील त्याच्या भेसळीवर, टीका केली तो पदार्थ म्हणजे उत्प्रेरणाचेच अपत्य. शास्त्र चांगले की वाईट हे नंतर ठरते. ते घरात मात्र आधीच आलेले असते.

माटुंग्याची परंपरा

डॉ. यादव यांचा जन्म १९५२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील अर्जुनवाडा या गावी झाला. रासायनिक अभियांत्रिकीचे शिक्षण त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या माटुंगा येथील रासायनिक तंत्रज्ञान विभागात घेतले. १ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झालेला हा विभाग इंग्रजी आद्याक्षरांवरून 'यूडीसीटी' म्हणून ओळखला जाई. २००८ साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि तो रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आजची 'आयसीटी' झाला.

या विभागाचे वैशिष्ट्य असे की तिथे रंग, तेल, कापड, औषधे आणि अभियांत्रिकी एका आवारात नांदत होती. सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाने नवा रेणू केला की शेजारचा अभियंता विचारी, हे दहा ग्रॅमऐवजी दहा टन करायचे झाले तर? या प्रश्नाला शास्त्रीय शिस्त लावणारे प्राध्यापक म्हणजे मनमोहन शर्मा. केंब्रिजमध्ये डँकवर्ट्स यांच्याकडे पीएच.डी. करून १९६४ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते माटुंग्याला प्राध्यापक झाले. १९९० साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. वायू आणि द्रव, किंवा न मिसळणारे दोन द्रव, एकमेकांना भेटतात त्या सीमेवर अभिक्रिया किती वेगाने होते, हा त्यांचा विषय. यादव यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट केली आणि पुढे त्याच आवारात अध्यापन व संशोधन केले. २००९ ते २०१९ अशी दहा वर्षे ते संस्थेचे कुलगुरू होते. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण पदे आणि पुरस्कार यांतून माणसाचे काम कळत नाही, म्हणून आता भांड्यात डोकावू.

एका जुन्या अभिक्रियेचे ओझे

१८७७ साली पॅरिसमध्ये शार्ल फ्रीडेल आणि जेम्स क्राफ्ट्स यांनी एक अभिक्रिया शोधली. बेंझीनसारख्या कड्याला कार्बनची नवी साखळी जोडण्याची ही युक्ती आज औषधे, रंग आणि सुगंधी द्रव्ये यांच्या कारखान्यांत सर्रास वापरली जाते. तिच्यासाठी लागणारे ॲल्युमिनियम क्लोराइड पुस्तकात 'उत्प्रेरक' म्हणून नोंदलेले असते. प्रत्यक्षात, विशेषतः कीटोन तयार करताना, हा मध्यस्थ लग्नानंतर घर सोडतच नाही. तयार झालेला कीटोन त्याला घट्ट पकडून ठेवतो. त्यामुळे प्रत्येक रेणूमागे ॲल्युमिनियम क्लोराइडचा किमान एक रेणू घालावा लागतो आणि शेवटी माल सोडवण्यासाठी पाणी ओतून त्याचा नाश करावा लागतो.

हिशेब करून पाहा. ॲनिसोलपासून मेथॉक्सी ॲसिटोफिनोन हे सुगंधी द्रव्य करायचे आहे. त्याचा रेणुभार १५०, ॲल्युमिनियम क्लोराइडचा सुमारे १३३. म्हणजे १५० किलो माल हवा तर निदान १३३ किलो ॲल्युमिनियम क्लोराइड पाण्यात जाणार. सोबत हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर, आम्लयुक्त सांडपाणी, ते शमवायला चुना आणि चुन्यातून निघणारा गाळ.

दुखण्यावर आपण घेतो त्या आयबुप्रोफेनची कथाही इथूनच सुरू होते. बूट्स कंपनीच्या मूळ पद्धतीत सहा पायऱ्या होत्या आणि पहिली पायरी हीच अभिक्रिया. वापरलेल्या अणूंपैकी वजनाने सुमारे ४० टक्केच औषधात उतरत. १९९२ साली अमेरिकेत टेक्सासमधील बिशप येथे सुरू झालेल्या नव्या पद्धतीत खऱ्या अर्थाने उत्प्रेरक वापरले गेले. पायऱ्या तीनवर आल्या आणि ४० चे ७७ टक्के झाले. औषध तेच, गुण तोच. फरक पडला तो कारखान्यामागच्या नाल्यात. मात्र पहिल्या पायरीतले ॲल्युमिनियम क्लोराइड घालवण्यासाठी तिथे हायड्रोजन फ्लोराइड हे अतिशय घातक द्रव आम्ल घ्यावे लागले. घातकही नाही आणि पाण्यात ओतावेही लागत नाही, असे आम्ल असू शकते का? यादव यांच्या संशोधनाचा मोठा भाग या प्रश्नाभोवती फिरतो. त्यांचे उत्तर : आम्ल द्रव असण्याची गरज नाही, ते घन असावे.

काळ्या मातीतले आम्ल

घन आम्ल म्हणजे असा घन पदार्थ, ज्याच्या पृष्ठभागावर आम्लाचे काम करणाऱ्या जागा आहेत. तो भांड्यात टाकायचा, काम झाले की गाळून घ्यायचा, धुऊन पुन्हा वापरायचा. यासाठी निसर्गाने दिलेला एक पदार्थ वऱ्हाड-नागपूरच्या माणसाच्या पायाला रोज लागतो. आपली कापसाची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, त्याचे कारण तिच्यातली माँटमोरिलोनाइटच्या कुळातली चिकणमाती. तिचे कण पानांच्या थप्पीसारखे असतात आणि पानांच्या मधल्या फटीत पाणी शिरते. हीच माती शुद्ध करून आम्लाने प्रक्रिया केली की तिचा पृष्ठभाग खूप वाढतो. 'के-१०' या नावाने ती बाजारात मिळते.

यादव यांच्या गटाने या मातीवर एक जड आम्ल बसवले. डोडेकाटंगस्टोफॉस्फोरिक आम्ल हे त्याचे लांबलचक नाव. मध्यभागी फॉस्फरसचा एक अणू आणि भोवती टंगस्टनचे बारा व ऑक्सिजनचे चाळीस अणू, अशी पिंजऱ्यासारखी ही रचना कीगिन यांनी १९३३ साली उलगडली. हे आम्ल अतिशय तीव्र आहे, पण त्यात दोन दोष आहेत. त्याला स्वतःचा पृष्ठभाग फार थोडा आणि पाण्यात किंवा अल्कोहोलात ते विरघळून जाते. मातीवर पातळ पसरवल्यावर पहिला दोष जातो आणि दुसरा पुष्कळ कमी होतो. १९९५ साली मेथॅनॉल आणि टर्शरी ब्युटिल अल्कोहोल यांपासून पेट्रोलमध्ये मिसळण्याचा एक ईथर एकाच भांड्यात करून दाखवताना त्यांनी हा उत्प्रेरक वापरला. पुढे त्याच आम्लातील काही हायड्रोजनच्या जागी सिझियम घालून, ते न विरघळणारे करून, मातीच्या छिद्रांतच तयार केले. फ्रीडेल–क्राफ्ट्स पद्धतीच्या अभिक्रियांसाठीही ते वापरले गेले.

दुसरा पदार्थ दागिन्यांच्या दुकानातला. 'अमेरिकन डायमंड' म्हणून आपण जो खडा घेतो तो झिर्कोनियाचा, म्हणजे झिर्कोनियमच्या ऑक्साइडचा. वेगळ्या स्फटिकरूपातल्या या झिर्कोनियाच्या भुकटीवर सल्फेट बसवले की ते अत्यंत तीव्र घन आम्ल बनते. १९७९ साली हिनो आणि अराता या जपानी संशोधकांनी त्याच्याकडे जगाचे लक्ष वेधले. त्याचीही दुखणी होती : छिद्रे फार बारीक, मोठ्या रेणूंना आत शिरायला वाव नाही. शिवाय अधिक गंधक घालायला जावे तर स्फटिकाची उपयुक्त रचना मोडते. यादव यांच्या गटाने नेहमीच्या गंधकाम्लाऐवजी क्लोरोसल्फॉनिक आम्ल वापरले. गंधकाचे प्रमाण नेहमीच्या सुमारे चार टक्क्यांवरून नऊ टक्क्यांवर नेले आणि तरीही रचना शाबूत राहिली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या उत्प्रेरकाचे नाव 'यूडीकॅट-५'. जुन्या विभागाचे नाव त्यात असे कायमचे जोडले गेले.

नावाडी आणि तिसरा थर

सेंद्रिय संश्लेषणातली दुसरी मोठी अडचण तेल-पाण्याची. एक पदार्थ क्षार, तो पाण्यात. दुसरा सेंद्रिय, तो तेलासारख्या द्रवात. दोघांची भेट होत नाही. यावर १९७० च्या आसपास चार्ल्स स्टार्क्स आदींनी उपाय रूढ केला. अमोनियम गटातला एक क्षार पाण्यातला ऋणभारित आयन उचलतो, सेंद्रिय थरात नेऊन सोडतो आणि परत फिरतो. धाम नदीच्या दोन्ही काठांना फेऱ्या मारणारा नावाडीच म्हणा. पंचाईत एवढीच की काम संपल्यावर हा नावाडी दोन्ही पाण्यांत थोडा थोडा विरघळलेला असतो आणि पकडून पुन्हा वापरता येत नाही. तो सांडपाण्यात जातो.

यादव यांनी या जागी तीन थरांची व्यवस्था बारकाईने अभ्यासली. क्षाराचे आणि उत्प्रेरकाचे प्रमाण नेमके ठेवले तर तेल आणि पाणी यांच्यामध्ये उत्प्रेरकाने भरलेला तिसरा द्रवथर तयार होतो. अभिक्रिया तिथेच वेगाने होते. वरचा थर माल घेऊन जातो, खालचा टाकाऊ क्षार, आणि मधला थर पुढच्या खेपेसाठी तसाच राहतो. उत्प्रेरक पातळ पडद्याच्या कुपीत बंदिस्त करण्याची पद्धतही त्यांच्या गटाने विकसित केली. युक्ती वेगळी असली तरी सूत्र तेच : मध्यस्थ हरवता कामा नये.

वेग कुणाचा?

रसायनशास्त्राची पदवी नसलेला माझ्यासारखा वाचक हे शोधनिबंध ओळीने वाचू लागला की त्यांतली एक ठरावीक रीत डोळ्यांत भरते. आधी ढवळण्याचा वेग बदलून पाहायचा. मग कणांचा आकार, मग उत्प्रेरकाचे प्रमाण, मग तापमान. शेवटी तोच उत्प्रेरक पुन्हा पुन्हा वापरून पाहायचा. सुरुवातीला हे कंटाळवाणे वाटते. त्यामागचे कारण समजले की त्यातच शास्त्र आहे हे पटते.

हिंगणघाटच्या एखाद्या जिनिंगचे उदाहरण घ्या. दिवसभरात किती कापूस पिंजून निघेल, हे नेहमी यंत्रावर अवलंबून नसते. रस्त्यावरच गाड्या खोळंबल्या असतील तर यंत्र कितीही चांगले असो, उपयोग नाही. आवारात शिरल्यावर आतल्या बोळात कोंडी असेल तरी तेच. दोन्ही वाटा मोकळ्या असतील तेव्हाच खरे यंत्राचे मोजमाप होते. घन उत्प्रेरकाचेही असेच आहे. द्रवातून कणापर्यंत येणे ही बाहेरची वाट आणि छिद्रातून आतल्या जागेपर्यंत जाणे ही आतली. ढवळण्याचा वेग वाढवूनही अभिक्रियेचा वेग वाढला नाही तर बाहेरची वाट मोकळी आहे. कण बारीक करूनही फरक पडला नाही तर आतलीही मोकळी. यानंतर जो वेग मोजला तो उत्प्रेरकाचा स्वतःचा. ही शर्मा यांच्या शाळेची शिस्त. हिच्याशिवाय प्रयोगशाळेतला आकडा कारखान्यात फसवतो, कारण दहा हजार लिटरच्या भांड्यात ढवळणे बीकरसारखे होत नाही.

पुन्हा वापरण्याच्या चाचणीलाही असाच अर्थ आहे. घन आम्ल म्हणून जे काम करताना दिसते ते खरोखर घन पृष्ठभागावर होते आहे की आम्ल हळूच विरघळून द्रवात काम करते आहे? उत्प्रेरक गाळून काढल्यावरही अभिक्रिया चालूच राहिली तर दुसरी शक्यता खरी. मग सगळा दावा कोसळतो. उत्प्रेरक झिजत नाही हे पुस्तकी वाक्य आहे. प्रत्यक्षात तो काजळतो, धुपतो, त्याची छिद्रे बुजतात. ही झीज मोजणे हेच प्रामाणिक संशोधन.

मग कारखाने बदलले का नाहीत?

इतके सगळे माहीत असताना ॲल्युमिनियम क्लोराइड अजून का वापरले जाते? फ्रान्समध्ये ॲनिसोलच्या अभिक्रियेसाठी झिओलाइट हे घन आम्ल १९९० च्या दशकातच कारखान्यात आले होते, तेव्हा 'हे जमत नाही' असे म्हणता येत नाही. कारणे व्यवहारातली आहेत. ॲल्युमिनियम क्लोराइड स्वस्त आहे. आपल्याकडचे बरेच कारखाने एकाच भांड्यात आज एक आणि महिन्याने दुसरे रसायन करतात; एका अभिक्रियेसाठी बेतलेला उत्प्रेरक त्यांना परवडत नाही. औषधाची पद्धत बदलली तर नियामकांकडून नव्याने मान्यता घ्यावी लागते. आणि सर्वांत मोठे कारण : १३३ किलोच्या त्या गाळाची पूर्ण किंमत कारखान्याच्या वहीत चढत नाही. ती नदीकाठच्या, खाडीकाठच्या माणसांच्या वहीत चढते. लोटे, महाड, तारापूर, पाताळगंगा या नावांना महाराष्ट्रात जो अर्थ आला आहे तो याच न मांडलेल्या हिशेबातून.

वर्ध्याच्या मगनवाडीत बसून जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योगांचे अर्थशास्त्र मांडत होते. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी खनिजांसारख्या संपणाऱ्या साठ्यांवर उभी असलेली व्यवस्था आणि निसर्गाच्या वाहत्या ओघावर चालणारी व्यवस्था असा भेद केला. १९९८ साली अमेरिकेत ॲनास्टस आणि वॉर्नर यांनी हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली. त्यांत कच्चा माल पुन्हा निर्माण होणारा असावा आणि मोजून खर्ची पडणाऱ्या रसायनांपेक्षा उत्प्रेरक श्रेयस्कर, ही दोन तत्त्वे आहेत. दोन्हीकडची भाषा निराळी आहे. चरख्याचा अभिमानी आणि रासायनिक अभियंता एकमेकांकडे संशयाने पाहतील, पण हिशेबाची वही दोघांची एकच आहे.

यादव यांचे अलीकडचे काम या दिशेने गेलेले दिसते. तांबे-क्लोरीन चक्राने सुमारे साडेपाचशे अंश तापमानाच्या आत पाण्यापासून हायड्रोजन मिळवण्याच्या आयसीटीतील प्रयत्नांत ते अग्रभागी राहिले. ग्लिसरॉल आणि वनस्पतिजन्य पदार्थांपासून उपयुक्त रसायने करण्यावरही त्यांच्या गटाने काम केले आहे. आपल्याला भिडणारा मुद्दा हा दुसरा. कापूस वेचून झाला की वर्धा जिल्ह्यात पऱ्हाटीचे ढीग लागतात. काही चुलीत जाते, पुष्कळशी शेतातच जाळली जाते. त्या पऱ्हाटीतल्या शर्करायुक्त भागापासून आम्लाच्या मदतीने फुरफुरल नावाचे रसायन करता येते. ओटच्या टरफलांपासून ते अमेरिकेत १९२२ साली कारखान्यात होऊ लागले, गंधकाम्ल वापरून. गंधकाम्लाच्या जागी घन आम्ल घ्यावे तर ही अभिक्रिया पाण्यात होते आणि गरम पाण्यात झिर्कोनियावरचे सल्फेट धुपून जाते. म्हणजे माटुंग्याला ज्या झिजेशी झुंज चालली, तीच झीज इथेही आडवी येते. पाण्यात टिकणारे स्वस्त घन आम्ल हा अजून पुरता न सुटलेला प्रश्न आहे. त्यासाठी लागणारी माती आपल्या शेतात आहे, कच्चा माल बांधावर पडून आहे आणि १९४२ पासून रासायनिक तंत्रज्ञान शिकवणारी लक्ष्मीनारायण संस्था नागपुरात, दोन तासांच्या अंतरावर आहे. अर्जुनवाड्याचा मुलगा माटुंग्याला गेला आणि त्याने शंभराहून अधिक विद्यार्थ्यांना डॉक्टरेटसाठी मार्गदर्शन केले. पऱ्हाटीचा प्रश्न हाती घेणारा पुढचा विद्यार्थी विदर्भातल्या एखाद्या गावचा असायला हरकत नाही.